होडीवरची ताडपत्री

नाथा पडला तेव्हा होडीचा तळ डांबरून झाला होता, आतली बाजू मात्र अर्धी राहिली होती. दरवर्षी चैत्रात गोदावरीचं, म्हणजे त्यांच्या गंगेचं, पाणी उतरलं की तो होडी काठावर ओढून घ्यायचा, बांधाजवळ दगडांच्या थप्प्या रचून त्यांच्यावर टेकवायचा आणि पावसाळ्याआधी तिची डागडुजी करायचा. सत्त्याण्णव सालीही त्यानं तेच केलं. टोकाच्या थप्पीवर उभा राहून आत वाकला होता. वरचा दगड हलला, आणि तो डांबराच्या डब्यासकट कुशीवर आदळला. त्याची बायको मालन घरातून धावत आली, तर तो म्हणाला, "डबा सरळ कर आधी, सांडून ऱ्हायलंय." मग उठायला गेला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो तिनं त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

खुबा मोडला होता. नाशिकला नेऊन ऑपरेशन केलं, आत रॉड टाकला. डॉक्टरांनी श्रावणापर्यंत तपासण्या सांगितल्या, म्हणून त्याला सातपूरला मुलीकडे ठेवलं. मुलगी सुवर्णा, तिचा नवरा कारखान्यात, शिफ्टची नोकरी. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी, फोनच्या बाजूला, त्याची खाट टाकली. मालन आठवडाभर तिथं राहिली, पण घरी जनावरं होती, फुलं होती, आणि मुलगा भिमाजी टेम्पो घेऊन रोज पहाटेच मार्केटला जायचा. ती परत आली.

त्यांची वस्ती सायखेड्याच्या वरच्या अंगाला, अगदी गंगेकाठी. घर अल्याड आणि झेंडू-शेवंतीचं वावर पल्याड. घराच्या ओट्यावरून ते वावर दिसायचं, कोणी उभं असेल तर ओळखूही यायचं. पण सडकेनं जायचं तर सायखेड्यापर्यंत खाली या, पूल ओलांडा, आणि पुन्हा काठाकाठानं तेवढंच वर चढा. म्हणून होडी. लग्न होऊन मालन आली तेव्हापासून नाथा वल्हवायचा आणि ती फुलांच्या पाट्या मांडीशी धरून मधल्या फळीवर बसायची. वल्ह्याला तिनं कधी हात लावला नव्हता. कोणी लाव म्हणालंही नव्हतं.

वस्तीच्या फाट्यावर बहिरूचं किराणा दुकान, तिथं फोन होता. ती परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी बहिरूनं हाक पाठवली. सातपूरहून फोन होता.

"होडीवर काय टाकलं?" नाथानं विचारलं.

"पाय कसाय तुमचा?"

"पाय हाय जागेवर. होडीवर काय टाकलं?"

"काय टाकणार? हाय तशीच हे."

"उघडी?" तो एवढ्यानं ओरडला की बहिरूनंही मान वर केली. "अगं, या उन्हात फळ्या आखसतील. फटी पडतील बोटबोट. आत गोणपाट टाक ओलं करून. आजच टाक."

तिनं टाकलं. संध्याकाळी घागरीनं पाणी शिंपडलं. सकाळी पाहिलं तर गोणपाट वाळून कडकडीत झालं होतं, आणि वत्सलाबाईच्या शेळ्या त्याच्या कडा चघळत होत्या. वत्सलाबाई शेजारच्या वस्तीवरची, मालनच्याच वयाची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं शेळ्या हाकलल्या आणि म्हणाली, "पालथी का नाय घालीत? झाकायची भानगडच नको."

मालननं फोनवर ते सांगितलं. "पालथी?" नाथा म्हणाला. "तळाचं डांबर ताजं हाय. उन्हात पातळ होऊन ओघळलं म्हंजे? त्या वत्सलेला काय कळतंय? वर सावली कर."

मग वर सावली केली. मालननं जुन्या साड्या शिवून त्यांचं एक फडकं केलं, चार काठ्या रोवून ताणलं. वैशाखातली वावटळ आली आणि तिनं ते फडकं काठ्यांसकट उचलून गंगेत नेऊन टाकलं. ती काठावर उभी राहून आपली लग्नातली हिरवी साडी वाहत जाताना बघत राहिली. पाणपर्णीत जाऊन ती अडकली, पण तिथवर जाणार कशी? होडी तर काठावर.

भिमाजीनं निफाडहून पिवळा प्लॅस्टिकचा कागद आणला, द्राक्षवाले बेदाण्यावर टाकतात तसला. "हा घ्या. गुंडाळा आणि सोडा तिचा नाद," तो म्हणाला. त्यानं कागद होडीभोवती गच्च गुंडाळला, नायलॉनची दोरी आवळली. लांबून होडी एखाद्या मोठ्या पुडक्यासारखी दिसायला लागली. मालनला तेवढा दिवस बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोरी सैल करून आत हात घातला, तर भट्टीत घातल्यासारखं झालं. कागदाच्या आतून घाम सुटला होता. गोणपाटाचं पाणी वाफ होऊन वर चिकटलेलं, फळ्यांवर पांढरी बुरशी धरायला लागलेली, आणि डांबर बोटाला लागत होतं.

त्या दिवशीच्या फोनवर तिनं सगळं सांगितलं.  नाथा म्हणाला, "काढ. काढून फेक. जीव गुदमरला असंल तिचा."

"कागद काढला तर ऊन, नाय काढला तर बुरशी. मी करू काय?"

"मला काय विचारती? मी इथं पडलोय." आणि त्यानं फोन ठेवला. लगेच पुन्हा आला. "काढला का?"

"दुकानातच उभी हे मी अजून!"

असं सुरू झालं. दुपारी भाकरीचा घास तोंडात असला तरी तिचे कान फाट्याकडे. फोन आला की धाप लागेपर्यंत चालायचं, आणि नाही आला तर काय झालं असेल म्हणून त्याहून जास्त घालमेल. रात्री वारा सुटला की ती उठून बसायची. कागद काढायची, ऊन चढलं की पुन्हा टाकायची, एका बाजूनं उचलून काठी लावायची, ती काठी पडायची. सून मनीषा एकदा म्हणाली, "आई, तुम्ही जेवताना तरी बसा ना." मालनला कळलंच नाही की ती उभ्यानं जेवत होती.

भिमाजी वैतागला. "आई, लाकूड हे ते. त्याला माणसासारखं काय जपून ऱ्हायली? पल्याडचं वावर बटाईनं देऊन टाकू. तिकडच्या तिकडं करील कोणी. होडी नको आणि ताप नको."

"तुझ्या आप्पाला विचारलं का?"

"आप्पाला काय विचारायचं त्यात?" असं म्हणून त्यानं टेम्पोला किल्ली लावली.

पावसाला थोडेच दिवस राहिले तेव्हा मालननं ठरवलं, आता काय ते एकदाच. काथ्याचा एक दोर घेतला, होडीच्या टोकापासून टोकापर्यंत धरला, गाठ मारली. मग आडवा धरला, कडेवरून खाली दगडापर्यंत सोडला, दुसरी गाठ मारली. दोर पिशवीत टाकला आणि सकाळच्या एसटीनं नाशिकला गेली.

रविवार कारंज्याजवळ ताडपत्रीचं एक दुकान होतं. मालक गादीवर बसला होता. "कशावर टाकायची, मावशी? कांद्यावर का ट्रकवर?"

"होडीवर."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं, दोर काढून दाखवला. तेव्हा तो गादीवरून उठला आणि स्वतः थान काढायला लागला. निळं प्लॅस्टिकचं विणलेलं कापड काढलं. "हे घ्या, हलकं, पाणी थेंबभर जाणार नाही." मग ट्रकवरची जाड, हिरवी ताडपत्री काढली. तिला मेणाचा उग्र वास होता. दोन माणसांशिवाय उचलायची नाही अशी. आणि शेवटी एक मधली काढली, मळकट खाकी रंगाची, सुती.

मालननं तिन्ही एकेक करून डोक्यावरून घेतल्या. दुकानात, सगळ्यांसमोर, बुरख्यासारख्या, आणि आत उभी राहून श्वास घेतला. निळ्या कापडाखाली लगेच तोंडावर वाफ आली. जाड हिरवीखाली मान वाकली. खाकीखाली अंधार होता, थोडा मेणाचा वास होता, पण श्वास अडला नाही. बाहेरचा रस्त्याचा आवाजही येत होता.

"पाणी द्या जरा," ती म्हणाली. दुकानदारानं प्यायला तांब्या दिला. तिनं तो खाकी कापडावर ओतला आणि खालून हात लावून बसली. पाणी वर थबकलं, कडेला घरंगळलं. हात कोरडा राहिला.

"हीच द्या. कडेला रिंगा मारून द्या. आणि वर पाणी साचायला नको, मधून उंच राहील अशी बेता."

"मधून बांबू घाला आडवा," दुकानदार म्हणाला. "मंडपासारखा. दोन्हीकडं उतार पडेल. आणि खालून टेकवू नका, हातभर मोकळी ठेवा, वारा खेळला पाहिजे." मग त्यानं विचारलं, "होडी कोणाची? तुम्ही चालवता?"

"नाय, नाय. मालक चालवतात," ती म्हणाली.

ताडपत्रीचा गठ्ठा घेऊन ती सातपूरच्या बसमध्ये चढली. नाथा खाटेवर बसलेला होता. चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. तिच्याआधी त्याची नजर गठ्ठ्यावर गेली. त्यानं कापड बोटांमध्ये धरून चोळलं, उलटं करून पाहिलं, हुंगलं.

"बेस हे," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिच्याशी ओरडल्याशिवाय बोलला. मग बांबू किती उंच, गाठ कुठली, दोर कुठल्या दगडाला, हे सांगत राहिला. सांगता सांगता त्याचा हात हवेत होडीची कड धरल्यासारखा फिरत होता.

ती चहाचे कप ठेवायला आत गेली तेव्हा सुवर्णानं हळूच विचारलं, "आई, आप्पा बोलले का तुला?"

"काय?"

सुवर्णानं गॅस बारीक केला. "पाय आखूड झालाय. डॉक्टर म्हणाले, काठी लागणारच कायमची. तोल राहणार नाही. शेतातलं बसून होईल तेवढं करा, पण होडीत उभं राहायचं वगैरे विसरा म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"टाके काढले तेव्हाच. तू घरी थांबली होतीस त्या दिवशी. आप्पा म्हणाले, तुझ्या आईला मीच सांगतो."

मालन कप हातात धरूनच उभी राहिली. टाके काढले तेव्हा. म्हणजे गोणपाट, साड्या, तो पिवळा कागद, सगळ्याच्या आधी. ती बाहेर आली. नाथानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला समजलं.

"मग हे सगळं कोणासाठी चाललंय?" तिनं विचारलं. "मला पळवून पळवून दमवली. कोण बसणारे त्या होडीत?"

नाथा खिडकीकडे बघत राहिला. बाहेर कामावरून सुटलेल्यांच्या सायकली, मोटारसायकली चालल्या होत्या. "मला इथं पडल्या पडल्या दिसतं," तो म्हणाला. "उन्हात तडकतीये. एकेक फळी निघतीये. डोळा लागत नाय. तू सांगितलं झाकलीये, की तेवढ्यापुरतं बरं वाटतं." पुढं म्हणाला, "काय करायचं तिचं, ते मलाबी नाय माहीत. पण उघडी नको."

तिला त्याचा राग आला होता आणि त्या रागाला जागा सापडत नव्हती. ती बसमध्ये बसली, एसटीत बसली, सायखेड्याला उतरली, गठ्ठा डोक्यावर घेऊन वस्तीवर आली. साडी न बदलताच ती कामाला लागली. वत्सलाबाईला हाक मारली. दोघींनी बांबू आडवा चढवला, ताडपत्री वरून सोडली, रिंगांत दोर ओवून दगडांना बांधले. खालून हातभर मोकळी. सगळं झाल्यावर वत्सलाबाई मागं सरून म्हणाली, "लय भारी झालं गं. आपण दोघी यातच ऱ्हायला येऊ."

पाऊस लागला. ताडपत्रीवरून पाणी दोन्ही अंगांनी घरंगळून गेलं. आत कोरडं, थंड. फोनवर नाथानं विचारलं, "कशी हे?"

"कोरडी ठणठणीत."

"वारा?"

"खेळतोय."

"बुरशी?"

"नाय."

पुढं त्याला विचारायला काही उरलं नाही. "बरं" म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्याही नाही. सुवर्णाचा आला, म्हणाली, आप्पा बोलत नाहीत फारसे, भिंतीकडे तोंड करून पडतात.

सगळं मनासारखं झालं तर आता मालनला चैन पडायला हवी होती. पडली नाही. ती दिवसातून कितीदा तरी होडीभोवती फेरी मारायची, दोर ओढून बघायची, दोर नीटच असायचे. एकदा ती ताडपत्रीखाली शिरून आपल्या नेहमीच्या फळीवर जाऊन बसली. समोर नाथाची जागा रिकामी. कापडातून मातकट उजेड येत होता, आणि मोकळ्या पट्टीतून खाली गंगेचं गढूळ पाणी पळताना दिसत होतं. तिला वाटलं आपण मयताच्या घरी बसलोय. ती गडबडीनं बाहेर आली.

झेंडूचं रोप लागवडीला आलं होतं. दसऱ्याला फुलं हवीत तर आताच लावायला हवं होतं. मालन आणि वत्सलाबाई रोपाच्या पाट्या डोक्यावर घेऊन पुलावरून पल्याड गेल्या. पोचेपर्यंत ऊन वर आलं, रोपं माना टाकायला लागली, दोन सऱ्या लावून होत नाहीत तोच परतायची वेळ झाली. परतताना वत्सलाबाई काठावर बसली, पाय पसरले आणि समोरच्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

"एवढं जीव तोडून झाकलं, ते कशाला गं? लाकूड आखसू नये, फटी पडू नये, म्हणूनच ना? मग पाण्यात टाक की. सगळ्या फटी आपोआप मिटतील."

"चालवील कोण?"

"ते मला काय माहीत? पण आज जेवढं चाललोय तेवढं मी उद्या चालायची नाय."

दुसऱ्या दिवशी भिमाजी मार्केटला गेला होता. मालननं ताडपत्रीचे दोर सोडले. वत्सलाबाईनं बैल आणले, खाली बांबू घालून होडी उतारावरून पाण्यात ओढली. आणि ती चाळणीसारखी गळायला लागली. फटीफटींतून पाणी वर येत होतं. मालननं होडीची कड धरली. "बुडून ऱ्हायली गं!"

"बुडू दे," वत्सलाबाई म्हणाली. "इथं कमरेएवढंच हे. तुझ्या मालकानं कधी बुडवली नाय?"

बुडवली होती. नाथाही दरवर्षी आधी ती अशीच भरू द्यायचा, हे मालनला तेव्हा आठवलं. ती नेहमी त्या दिवसांत छप्पर शाकारण्यात गुंतलेली असायची. त्यांनी होडी बाभळीला बांधून ठेवली, आत पाणी काठोकाठ. फळ्या फुगेपर्यंत आठवडा गेला. त्यानंतर पाणी उपसलं तेव्हा तळाशी नुसती ओल राहिली.

वल्हवायचं मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी फिरली. वत्सलाबाई मधल्या फळीवर डोळे मिटून "गंगामाय, गंगामाय" करत होती. दुसऱ्या दिवशी प्रवाहानं खाली ओढून नेलं आणि खालच्या वावरवाल्या पुंजाच्या उसाला लावलं. पुंजा उसातून बाहेर आला, बघतच राहिला, आणि त्यानंच दोर धरून काठाकाठानं वर आणून दिलं. मालनचे तळहात सोलले, खांदे भरून आले. पण वल्हं पाण्यात किती खोल घालायचं हे हातांना समजायला लागलं होतं. आधी काठाकाठानं वर जाऊन मग होडी सोडायची, नाक थोडं प्रवाहाकडे धरायचं, म्हणजे पाणीच ढकलून पलीकडे नेतं, हे तिला एका दुपारी एकदम उमगलं. ती वावराच्या जरा खाली लागली, पण लागली. झेंडू लावून झाला.

भिमाजी चिडला, मग गप्प बसला. तो आणखी काय करणार? मालननं सुवर्णालाही काही सांगितलं नाही. नाथाला काय सांगायचं, याचा विचार ती वल्हवताना करायची आणि काठाला लागेपर्यंत विसरायची.

श्रावण संपत आला होता. ती पल्याडहून एकटी येत होती. मध्यावर आली तेव्हा अल्याडच्या काठावर भिमाजीचा टेम्पो दिसला. टेम्पोशेजारी, काठीवर वाकून, नाथा उभा होता. त्याच्यासमोर मोकळे दगड होते आणि बाजूला ताडपत्रीची घडी.

"मालन!" तो ओरडला. "कोणाला विचारून काढली?"

तिचे हात थांबले. होडीचं नाक लगेच वळलं. तिनं खाली बघून पुन्हा वल्हं घातलं. आता उत्तर द्यायला गेलं तर पुंजाचा ऊस.

"उजवीकडून मार! उजवीकडून!"

तिनं आपल्याला जमेल तसंच वल्हं मारलं आणि काठाला लागली. नाथानं पाण्याकडे बोट केलं. "पाणी केवढं चढलंय दिसतं का? बुडाली असती म्हंजे?"

"बुडवलीच होती. चांगली आठवडाभर."

नाथा काठी टेकत चिखलातून खाली आला. भिमाजी त्याला धरायला धावला, तर त्याला त्यानं झिडकारलं. होडीच्या कडेला हात टेकला, आतल्या फळीवरून बोट फिरवलं, एका जोडापाशी थांबला.

"इथली फट?"

"मिटली."

"पुढची?"

"तीबी. थोडं झिरपतं, उपसावं लागतं."

त्यानं मान हलवली. मग पल्याडच्या वावराकडे पाहिलं. झेंडू गुडघ्याएवढा झाला होता, इथूनही हिरवा दिसत होता.

"बसता का?" मालननं विचारलं.

"मला उभं नाय ऱ्हाता यायचं."

"उभं कोण म्हणतंय? बसायचं. तिथं." तिनं मधली फळी दाखवली.

"आई, वेड लागलं का?" भिमाजी म्हणाला. "रॉड हे पायात!"

"मग तू उचल त्यांना," ती म्हणाली.

भिमाजीनं बापाला उचलून ठेवलं. नाथा त्या फळीवर आजवर कधी बसला नव्हता. त्यानं दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या, आणि होडी काठावरून सुटली तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले. "हळू. अगं, नाक वर धर. आता डावं. डावं म्हणलं ना!"

"गप बसा जरा. मला पाणी बघू द्या."

मध्यावर होडी हलली तेव्हा त्याच्या तोंडून "अगं आई" निघालं, आणि मालनला हसू आलं. त्यालाही आलं असावं, कारण त्यानं तोंड दुसरीकडे केलं. दोघं वावराच्या जरा खाली लागली, चिखल जास्त होता, तिला त्याला कुशीत धरून ओढतच वर काढावं लागलं. दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली. ती धापा टाकत बांधावर बसली. नाथा पहिल्या सरीपाशी जमिनीवरच बसला, आखूड पाय पुढं पसरून.

"तण लय माजलंय," तो म्हणाला.

"हात किती हेत मला?"

त्यानं हात लांब करून एक हराळी मुळासकट उपटली, झटकली, बाजूला टाकली. दुसरी उपटली. मग ढुंगणावर थोडा पुढं सरकला आणि तिसऱ्या झाडाखाली हात घातला. पलीकडच्या काठावरून भिमाजी काहीतरी ओरडून विचारत होता, पण वारा त्याच्याकडे होता, इकडे काही ऐकू येत नव्हतं. मालन उठली, पदर खोचला आणि सरीच्या दुसऱ्या टोकाला गेली.